हेल्मेट कोणत्या खात्यात मांडावे?

दसऱ्याच्या दिवशी आपल्या बेळगावातील कोणत्याही मोटारसायकलींच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहावे. मोठा प्रेक्षणीय सोहळा असतो! नव्या गाडीला झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू, नारळ फोडायला घरातील वडीलधारे माणूस आणि पेढ्यांचा पुडा सांभाळत उभी असलेली धाकटी बहीण. गेल्या दसऱ्याला मीही अशाच एका घोळक्यात होतो. तासाभरात माझ्यासमोर अकरा गाड्या बाहेर पडल्या. अकराही जणांनी सीटकव्हर घेतले. बहुतेकांनी क्रॅशगार्ड बसवून घेतला. दोघांनी तर कंपनीचा भोंगा काढून कर्णकर्कश भोंगा बसवला. हेल्मेट घालून त्या फाटकातून बाहेर पडलेला इसम मात्र मला एकच दिसला, आणि तो त्या दुकानाचा मेकॅनिक होता!

वास्तविक नव्या दुचाकीबरोबर प्रमाणित हेल्मेट देणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी विक्रेत्या कंपनीवर बंधनकारक केले आहे. पण ते मिळाले तरी आरशाला अडकवून घरी नेले जाते आणि माळ्यावर जाते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. असे का व्हावे? माझ्या मते याचे कारण आपण हेल्मेट चुकीच्या खात्यात मांडतो, हे आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने हे हिशेबाच्या भाषेत सांगतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मग एकदम इंग्रजीतून जमा-नावे करायची पाळी आली, तेव्हा पहिल्या वर्षी जे काही थोडे पक्के समजले त्यात एक नियम होता. कारखान्याने एखादे यंत्र घेतले, तर त्याची किंमत म्हणजे केवळ विक्रेत्याच्या बिलावरचा आकडा नव्हे. यंत्र आणण्याचे भाडे, ते बसवण्याची मजुरी, त्याच्यासाठी बांधलेला पाया, थोडक्यात यंत्र वापरण्यायोग्य होईपर्यंतचा सारा आवश्यक खर्च यंत्राच्याच खात्यात पडतो. पायाविना यंत्र ही मालमत्ता खरी, पण ते सुरू करता येत नाही.

आता मला सांगा, हेल्मेटविना मोटारसायकल वापरण्यायोग्य आहे काय? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ म्हणते, नाही. चालवणाऱ्यालाही नाही आणि मागे बसणाऱ्यालाही नाही. तेव्हा हेल्मेट हा किरकोळ खर्च नव्हे, सीटकव्हरसारखी हौस नव्हे आणि पोलिसाला चुकवण्यासाठी भरलेली पट्टीही नव्हे. तो गाडीच्या मूळ किमतीचा भाग आहे. गाडी घ्यायला पैसे आहेत पण हेल्मेटला उरले नाहीत, याचा सरळ अर्थ असा की गाडी घ्यायलाही पैसे नाहीत.

हा विचार मला पुस्तक वाचून सुचलेला नाही. त्याची किंमत माझ्या एका वर्गमित्राने मोजली आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. उसाचा हंगाम जोरात होता. आपल्या जिल्ह्यात या दिवसांत रात्री रस्त्यावर काय चित्र असते हे मी सांगायला नको. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला आणि मागे लाल दिव्याचा पत्ता नाही. माझा मित्र बैलहोंगलच्या बाजूने एका लग्नाहून रात्री नऊच्या सुमारास परतत होता. रस्त्याच्या कडेला बंद पडलेली अशी एक ट्रॉली त्याला अगदी जवळ आल्यावर दिसली. त्याने मागचा ब्रेक जीव खाऊन दाबला. चाक जाम झाले, गाडी घसरली आणि तो डोक्यावर आपटला.

त्याच्याकडे हेल्मेट होते! फुटपाथवर अडीचशे रुपयांना मिळते ती अर्ध्या नारळाच्या करवंटीसारखी टोपी. पट्टा लावलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे गाडी आणायला गेलो, तेव्हा ती टोपी कडेच्या शेतात पडलेली मिळाली. तिच्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. ते पाहून आमच्यापैकी कोणीच काही बोलले नाही.

मित्र वाचला. बारा दिवस बेशुद्धी व अर्धवट शुद्धीत गेले, एक सत्र बुडाले आणि आजही बोलता बोलता तो नेहमीच्या माणसांची नावे विसरतो. वर्गात बेरीज तोंडी करणारा मुलगा आता कॅल्क्युलेटर दोनदा दाबून पाहतो. "तू कॉमर्सचा आहेस, एवढे कागद बघ रे," म्हणून त्याच्या वडिलांनी बिलांची पिशवी माझ्यापुढे ठेवली. गाडीची दुरुस्ती ४,७५० रुपये. दवाखाना व औषधे ३,४६,१८० रुपये. विमा कंपनीकडून काय मिळेल, एवढेच त्यांना माझ्याकडून ऐकायचे होते. मी पॉलिसी वाचली. ती तृतीय पक्षाची होती, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई देणारी. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांची अशी पॉलिसी घ्यावीच लागते, आणि ती असली की आपला विमा आहे असे आपण समजतो. त्याला जोडून १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण होते, पण ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. दवाखान्याच्या बिलासाठी त्यात एक पैसाही नव्हता. हे त्या गृहस्थांना सांगताना माझी जीभ जड झाली. ते फक्त "बरं" म्हणाले आणि कागद पुन्हा पिशवीत भरू लागले.

कोणी म्हणेल, एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये. मान्य. मग आकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९, त्यांत ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. हेल्मेट असते तर हे सर्व वाचले असते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु जगभरच्या पाहण्यांचा एकत्रित आढावा २००८ साली कॉक्रेन या वैद्यकीय संस्थेने प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हा हिशेब ढोबळपणे लावला तरी त्या एका वर्षातील वीस हजारांच्या आसपास माणसे आज घरी असती. आपल्या महाविद्यालयासारखी कित्येक महाविद्यालये भरतील एवढी!

माझ्या स्वतःच्या गाडीची गोष्ट आता सांगतो, कारण दुसऱ्याला उपदेश करणारा स्वतः काय करतो हे विचारण्याचा वाचकांना अधिकार आहे.

माझे वडील उद्यमबागेतील एका फौंड्रीत काम करतात. त्यांनी थोडे थोडे करून एक लाख रुपये बाजूला टाकले होते. माझे जाणे-येणे, शिवाय बहिणीला ज्युनिअर कॉलेजला सोडणे, यासाठी गाडी घ्यायची ठरली. माझ्या डोळ्यांपुढे अर्थातच आधी बुलेट आली. हप्त्यावर घेऊ म्हटले तर दुकानदार एका पायावर तयार! पण क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो आणि माझे ५४. दुकानदाराच्या सांगण्यावरून मी ती स्टँडवरून काढून शहापुरातल्या आमच्या बोळाएवढ्या जागेत मागे ढकलून पाहिली. ती ढकलताना मला घाम फुटला, आणि चार लोकांसमोर ती माझ्या अंगावर कलली तेव्हा तो विषय तिथेच संपला.

मग एका मित्राच्या ओळखीने जुनी आर. एक्स. १०० पाहिली. आपल्याकडे या गाडीची काय मोहिनी आहे! १९८५ साली आलेली, शंभर किलोंच्या आसपास वजन आणि अकरा अश्वशक्तीचे इंजिन, त्यामुळे ती बाणासारखी सुटते. पण तिचे उत्पादन १९९६ साली थांबले. म्हणजे बाजारात मिळणारी सर्वांत तरुण आर. एक्स.सुद्धा माझ्यापेक्षा वयाने मोठी! दोन्ही चाकांना जुने ड्रम ब्रेक. काकांची येझदीही अशीच घरात उभी आहे, म्हैसूरला बनलेली, किक आणि गिअर एकाच दांड्याने चालणारी. या गाड्यांबद्दल मला आदर आहे. पण ज्याला अजून गाडी थांबवायला शिकायचे आहे, त्याने थांबवायला अवघड अशी गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी मी जी कसोटी लावली ती अशी. गाडीवर बसल्यावर दोन्ही पावले टाचेसकट जमिनीला टेकली पाहिजेत. इंजिन बंद असताना ती चढावर एकट्याला मागे घेता आली पाहिजे. आणि तिचा वेग किती, याऐवजी ती थांबते कशी, हे आधी विचारले पाहिजे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस सक्तीचे झाले. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडाथोडा लागतो. एबीएसमध्ये ब्रेक कितीही घाबरून दाबला तरी चाक जाम होऊ देत नाहीत, म्हणून गाडी घसरण्याऐवजी थांबते. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात तांबड्या चिखलावरून ज्याने गाडी नेली आहे, त्याला याचे मोल सांगावे लागणार नाही. ट्रॉलीमागे माझ्या मित्राचे चाक जाम झाले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न मी आता स्वतःला विचारणे सोडून दिले आहे.

वेगाचाही हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. अडथळा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. पुढे ब्रेक लागल्यावरचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर अंतर चौपट! नवशिक्याला वीस-पंचवीस अश्वशक्तीची गाडी घेऊन देणे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला पुराच्या मलप्रभेत उतरवणे होय.

बाबांनी माझी यादी ऐकून घेतली आणि विचारले, "हे सगळं गाडीचं झालं. तुझं आणि ताईचं काय?" फौंड्रीत बूट आणि गॉगलशिवाय भट्टीजवळ जाऊ देत नाहीत. "भट्टीपुढं गॉगल न लावता उभा राहतो तो शूर नसतो रे, नवा असतो," असे ते म्हणाले. त्या रात्री आम्ही बापलेकांनी वहीचे पान घेऊन आधी दुसरीच यादी केली. पूर्ण चेहरा झाकणारी दोन हेल्मेटे ३,६०० रुपये. घोटा झाकणारे बूट १,७००. रेनकोट १,४००. हातमोजे ८००. एकूण ७,५०० रुपये. एक लाखातून ते वजा केले आणि उरलेल्या ९२,५०० मध्ये नोंदणी, कर, विम्यासह बसेल ती गाडी शोधली. शंभर सीसीची, ११२ किलोंची, अगदी साधी गाडी मिळाली. तिला पाहून कोणी मान वळवत नाही. पण तिच्यावर बसताना माझ्या मनात धाकधूक नसते.

हेल्मेट निवडताना मी शिकलो ते थोडक्यात सांगतो. भुवयांच्या बोटभर वरून डोक्याचा घेर टेपने मोजावा आणि त्या मापाचे घ्यावे. डोक्यावर घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. नवे हेल्मेट सैल वाटले तर ते मोठेच आहे. हनुवटीखालचा पट्टा लावून मागून वर ढकलून पाहावे, निघून आले तर परत द्यावे. आत थर्मोकोलसारखा जाड थर असतो, तोच खरा रक्षणकर्ता. बाहेरचे कवच धक्का पसरवते, आतला थर चिरडून तो पचवतो. म्हणूनच एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी निरुपयोगी समजावे. आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहावा. १ जून २०२१ पासून त्याशिवायचे दुचाकीचे हेल्मेट विकण्यास मनाई आहे. फुटपाथवरच्या करवंट्या तरीही विकल्या जातात, कारण त्या पोलिसासाठी घेतल्या जातात, डोक्यासाठी नव्हे. रात्री फिरणाऱ्याने काळी काच घेऊ नये. आणि पडताना माणूस आधी हात पुढे करतो, म्हणून हातमोजे. बोटांची साल निघालेला माणूस परीक्षेला पेन धरू शकत नाही, एवढे तरी आपण विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

आता आक्षेप. उन्हाळ्यात उकडते, केस विस्कटतात, जवळच तर जायचे आहे! उकडते हे खरे. पण गल्लीतला कुत्रा आणि अंदाज न येणारा गतिरोधक आपण किती लांब निघालो आहोत याची चौकशी करत नाहीत. एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. रस्त्यात खड्डे, ट्रॉलीला दिवा नाही, आणि दंड मात्र विद्यार्थ्याला? हा न्याय नव्हे. दिवा नसलेली ट्रॉली हंगामात रस्त्यावर येऊच नये, तिच्या मागे निदान चमकणारी लाल पट्टी तरी असावी, यासाठी आपण आवाज उठवलाच पाहिजे. परंतु दुसऱ्याकडून येणे असलेली रक्कम वसूल होईपर्यंत शहाणा व्यापारी आपली राखीव गंगाजळी मोडत नाही. रस्ता सुधारेल तेव्हा सुधारो, डोके तर आज बाहेर न्यायचे आहे.

आपल्या महाविद्यालयापुरती एक सूचनाही करावीशी वाटते. आपल्यापैकी पुष्कळजण हेल्मेट घालत नाहीत, कारण आत आल्यावर ते ठेवायला जागा नाही. आरशाला अडकवले तर चोरीला जाते, वर्गात नेले तर बाकावर मावत नाही. माझे स्वतःचे एक असेच गेले. वाहनतळाशेजारच्या रिकाम्या भिंतीला क्रमांक घातलेल्या फळ्या आणि एक बिल्ल्यांची पेटी, एवढ्यावर हे काम भागेल. हिशेब ठेवायला आमच्या वाणिज्य मंडळाचे विद्यार्थी आनंदाने पाळीपाळीने बसतील. गुरुजनांनाही नम्र विनंती आहे. आपल्यापैकी काहीजण मागे मुलाला बसवून बोडक्या डोक्याने येतात. आम्ही विद्यार्थी फळ्यापेक्षा फाटकाकडे अधिक लक्ष देतो, हे आपल्यापासून लपलेले नाही!

या अंकात मराठीबरोबर कन्नड विभागही आहे, म्हणून शेवटी दोन्ही भाषांतील दोन शब्द. आपल्याकडच्या रस्त्यांवर कन्नडमध्ये पाट्या दिसतात, 'अवसरवे अपघातक्के कारण'. लहानपणी मला त्याचा अर्थच लागत नसे, कारण मराठीत अवसर म्हणजे संधी. संधीने अपघात कसा होईल? पुढे कन्नड मित्रांनी सांगितले की त्यांच्या भाषेत अवसर म्हणजे घाई. दुसरा शब्द निधान. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा, जपून ठेवलेले धन. एकाच रस्त्यावरून दोन्ही भाषा बोलत जाणाऱ्या आपल्याला हे दोन्ही अर्थ एकदम कळतात, हे केवढे भाग्य! घाईला संधी समजू नये, आणि सावकाशपणाला ठेवा समजावे.

माझा मित्र यंदा पुन्हा वर्गात येतो. परवा फाटकाशी त्याने मला हाक मारली, पण नाव आठवेना. मग माझ्या हातातल्या हेल्मेटाकडे बोट दाखवून म्हणाला, "अरे, टोपीवाल्या!" आम्ही दोघेही हसलो. नंतर तो माझ्या मागे बसला, ताईचे हेल्मेट त्याने डोक्यावर चढवले, आणि पट्टा लागला की नाही हे मी वळून पाहिल्यावरच गाडी सुरू केली.